गठ्ठा कुणी पाडला?

"सगळ्यात आधी संशयितांची यादी करायची," प्रोफेसर म्हणाला आणि त्याने वहीचं कोरं पान उघडलं.

गोठ्यामागच्या कोठारात, गवताच्या ढिगावर तिघांची बैठक भरली होती. प्रोफेसर म्हणजे मामाचा मुलगा. वय बारा, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि खिशात कायम मोजपट्टी. त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला शेपूट नऊ वर्षांचा. मोठ्या बहिणीच्या मागे मागे हिंडतो म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. आणि ती मोठी बहीण म्हणजे टिल्ली. तेरा पूर्ण झाली तरी वर्गात उंचीप्रमाणे लावलेल्या रांगेत पहिली उभी राहणारी, पण जिभेला धार अशी की मोठे मोठे गप्प व्हावेत. सख्खा भाऊसुद्धा तिला ताई न म्हणता टिल्लीच म्हणायचा.

दर सुट्टीत मामाकडे आलं की काही ना काही शोधून काढायचं, हा तिघांचा नेम होता. गेल्या वर्षी दुधाच्या किटलीतली मलई फस्त करणारं मांजर त्यांनी तीन दिवस पाळत ठेवून पकडलं होतं. त्या वेळी पुढारी टिल्लीच होती. आज मात्र ती गवताची काडी दातांत धरून गप्प बसली होती.

"काल दुपारी तीन वाजता," प्रोफेसर लिहिता लिहिता बोलू लागला, "गवताचा मोठा गोल गठ्ठा लोडरमधून पडला, उतारावरून गडगडत गेला आणि वासरांच्या शेडवर आदळला. शेडचा पत्रा वाकला. सहा दिवसांच्या कालवडीचा पुढचा पाय मोडला. बाबा म्हणतात, ड्रायव्हरताईने पाडला. ताई म्हणते, तिने नाही पाडला. मग कुणी पाडला?"

"भुताने," शेपूट म्हणाला.

"भुताला ट्रॅक्टर चालवता येत नाही."

"कशावरून?"

एरवी या वादात टिल्लीने उडी घेतली असती. पण आज ती काडीच चावत राहिली. गठ्ठा कुणी पाडला हे तिला पक्कं माहीत होतं. तो तिनेच पाडला होता.

झालं असं होतं. मामाचा ट्रॅक्टर लहानसा, निळ्या रंगाचा. त्याला पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला मोठी बकेट. यालाच सगळे लोडर म्हणायचे. माणसाच्या छातीइतके उंच गवताचे गोल गठ्ठे त्या बकेटीत घेऊन गोठ्यापर्यंत न्यायचे, हे ड्रायव्हरताईचं काम. ती बाविसाची. तीन महिन्यांपूर्वीच ती कामाला लागली होती आणि ट्रॅक्टर रोज असा पुसायची की जणू तो तिचाच आहे. टिल्लीला ती फार आवडायची. इंजिन बंद असताना ती टिल्लीला सीटवर बसवायची आणि कुठला दांडा कशाचा ते समजावून सांगायची.

काल दुपारी मामा-मामी घरात होते, पोरं वरच्या अंगाच्या पाण्याच्या टाकीवर लपाछपी खेळत होती. ताईने गठ्ठा बकेटीत घेतला आणि तेवढ्यात दुधाची गाडी फाटकावर आली. दोन मिनिटांचंच काम म्हणून इंजिन चालूच ठेवून ती फाटक उघडायला गेली. आणि टाकीवरून लपायला खाली आलेली टिल्ली सरळ सीटवर चढली.

पाय पेडलला पोचेनात म्हणून तिने सीट पार पुढे ओढली. मग दांडा मागे खेचला. लोखंडी हात गठ्ठा घेऊन वर निघाले. एवढा मोठा गठ्ठा, आणि आपण दोन बोटांनी उचलतो आहोत. टिल्लीला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की ती दांडा सोडेचना. गठ्ठा नाकासमोर आला तेव्हा सीट खालून कुणीतरी ढकलावी तशी हलली. ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका होऊन उचलला जात होता. तरी ती खेचतच राहिली. गठ्ठा डोक्याच्या वर गेला, बकेट मागे कलली आणि तो गठ्ठा तिच्याच दिशेने झुकला. त्याच्या मागे आभाळ दिसेनासं झालं.

घाबरून तिने दांडा उलटा ढकलला. बकेट पुढे पालथी झाली, गठ्ठा धाडकन खाली आला आणि उतारावरून चालू लागला.

टिल्लीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उडी मारली आणि कोठाराच्या मागून पळत टाकीवर गेली. तोवर पत्र्याचा आवाज झाला होता, वासरू ओरडत होतं. सगळे धावले. सगळ्यांबरोबर टिल्लीही धावली. आणि तिथे पोचल्यावर तिने विचारलं, "काय झालं?"

तेच दोन शब्द आता तिला गिळता येत नव्हते, थुंकताही येत नव्हते. तिच्यासमोर मामा ताईला म्हणाला होता, "किल्ली तुझ्याकडे, ट्रॅक्टर तुझ्या ताब्यात, आणि वर म्हणतेस मी नाही? आजपासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. शेण भरायचं फक्त." ताईने मान खाली घालून फावडं उचललं होतं. आणि टिल्ली तशीच उभी राहिली होती.

"चला, घटनास्थळी," प्रोफेसर उठत म्हणाला.

ट्रॅक्टर तिथेच उभा होता. प्रोफेसरने गुडघ्यावर बसून चाकांचे ठसे बघितले. पुढच्या चाकांनी मातीत खोल खड्डे केले होते. मागच्या चाकाचा ठसा मात्र दुहेरी होता, एकावर एक, चार बोटं सरकलेला.

"हे बघ. मागची चाकं उचलली गेली आणि पुन्हा खाली टेकली," तो म्हणाला. "म्हणजे ट्रॅक्टर पुढे उलटणारच होता. पण याच ट्रॅक्टरने तर रोज गठ्ठे उचलतात. आजवर कसा उलटला नाही?"

"कडेलोट व्हायला एकच दिवस लागतो," टिल्लीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

प्रोफेसरने लोडरच्या हातावरचं वंगण चिंधीने पुसलं. खाली एक पत्र्याची पाटी निघाली. शेपटाने ती मोठ्याने वाचली, "कमाल भार चारशे किलो. मागे वजन लावल्याशिवाय वापरू नये."

"मागे वजन? कुठे आहे?"

वजन शोधायला फार वेळ लागला नाही. कोठाराच्या कोपऱ्यात, गुडघाभर तणात, काँक्रीटचा भलामोठा ठोकळा पडला होता. ट्रॅक्टरच्या मागे अडकवायचे आकडे त्याला होते आणि त्याच्यावर मामीने कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं ठेवलं होतं. शेजारी भिंतीला टेकून एक लांब, टोकदार लोखंडी सुळा उभा होता. गठ्ठ्याच्या पोटात खुपसून तो पक्का धरायचा तो हा सुळा. त्याच्यावर कोळ्यांनी संसार थाटले होते.

"म्हणजे बाबांनी वजन काढलं, सुळाही काढला आणि नुसत्या बकेटीवर काम चालवलं," प्रोफेसर हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला. वडिलांची चूक वहीत लिहिणं त्याला सोपं गेलं नाही, पण त्याने लिहिली.

तेवढ्यात शेपूट सीटवर चढला आणि म्हणाला, "आता सीट मागे आहे. काल पुढे होती."

"काय?"

"काल वासरू ओरडत होतं ना, तेव्हा मी इथे आलो होतो. सीट पार पुढे होती. मग ड्रायव्हरताई आली. तिने बघितलं आणि पटकन मागे सरकवली. नंतर मामा आला."

प्रोफेसरची पेन्सिल थांबली. "ताई तर माझ्या बाबांएवढी उंच आहे. ती सीट पुढे कशाला घेईल? सीट पुढे घेईल तो बुटका माणूस. म्हणजे साधारण..."

त्याने मान वर केली. टिल्ली ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे ते चांदणं चेहऱ्यावर पडलं होतं.

शेपूट म्हणाला, "साधारण टिल्लीएवढा. पण टिल्ली तर टाकीवर होती."

प्रोफेसरने वही मिटली आणि पेन्सिल खिशात ठेवली.

"हे मी लिहीत नाही," तो टिल्लीला म्हणाला. "तू सांगशील तेव्हा लिहीन."

त्याने ओरडायला हवं होतं, चिडवायला हवं होतं. तो नुसता निघून गेला, आणि टिल्लीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गोठ्यात गेली. ड्रायव्हरताई रबरी बूट घालून शेण ओढत होती. केस कपाळाला चिकटले होते. कोपऱ्यात ती कालवड पाय पुढे ताणून पडली होती. पायाला गुरांच्या डॉक्टरांनी पांढरं प्लास्टर घातलं होतं आणि ती मधूनच ते चाटून बघत होती.

"ताई, सीट तू का सरकवलीस?" टिल्लीने विचारलं.

ताईने फावडं टेकवलं. "चालू इंजिन सोडून मी गेले. ती चूक माझीच. तू लहान आहेस, तुझ्या मामाचा राग केवढा ते मी बघितलंय. म्हटलं, सांगेल ती आपणहून. संध्याकाळपर्यंत सांगेल." ती पुन्हा वाकली. "संध्याकाळ झाली. मग म्हटलं, सकाळी सांगेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जमिनीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते काय असतं, ते टिल्लीला त्या ओल्या फरशीवर कळलं.

"मी आत्ता सांगते," ती म्हणाली.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

दोघी दारात आल्या. मामा स्वतःच सीटवर बसला होता. ताईला ट्रॅक्टरला हात लावायला बंदी केल्यामुळे दुपारचा गठ्ठा आता त्यालाच न्यायचा होता. त्याने गठ्ठा बकेटीत घेतला. समोरचं दिसेना, म्हणून तो वर उचलला, अगदी डोक्याच्या वर, आणि ट्रॅक्टर उतारावर आडवा घातला. खाली वासरांच्या शेडपाशी शेपूट उभा होता. मामानेच त्याला तिथलं फाटक उघडायला पाठवलं होतं.

टिल्लीची नजर मागच्या चाकावर गेली. वरच्या बाजूचं चाक जमिनीला टेकत नव्हतं. ते हवेत सावकाश फिरत होतं.

"शेपूट, पळ! वर पळ, टाकीकडे!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. शेपूट आयुष्यात पहिल्यांदा काही न विचारता पळाला.

ट्रॅक्टरसमोर जायचं नाही, एवढं भान तिला होतं. चढाच्या अंगाने, लांबून, मामाच्या नजरेत येईल अशी धावत ती पुढे गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. मामाने ब्रेक हळूच दाबला. ट्रॅक्टर डुलला आणि थांबला.

"काय झालं?" मामाने ओरडून विचारलं.

"मामा, गठ्ठा खाली घ्या. हळूहळू. झटका देऊ नका. मागचं चाक हवेत आहे."

मामाने मान वळवून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला टिल्लीला लांबूनही दिसला. त्याने दांडा बोटभर, बोटभर हलवला. लोखंडी हात खाली आले. मागचं चाक जमिनीवर टेकलं. गठ्ठा मातीवर बसला. मामाने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि तो उतरला.

आवाज ऐकून मामी आणि प्रोफेसर धावत आले होते. शेपूट टाकीला टेकून धापा टाकत होता. ताई गोठ्याच्या दारात उभी होती. आता सगळे एकदम होते. याहून वाईट वेळ नसती, आणि याहून चांगलीही नसती.

"कालचा गठ्ठा मी पाडला," टिल्ली म्हणाली.

"काय?"

"ताई फाटकावर गेली होती. मी सीटवर चढले. गठ्ठा उचलला. मागची चाकं उचलली गेली तरी थांबले नाही. गठ्ठा माझ्या अंगावर यायला लागला म्हणून दांडा ढकलला. मग पळून गेले. आणि मग सगळ्यांबरोबर येऊन विचारलं, काय झालं म्हणून." तिने ताईकडे हात केला. "तुम्ही ताईला बोललात तेव्हा मी तिथेच होते. ऐकत होते."

मामाच्या कपाळावरची शीर उडत होती. "कालपासून गप्प बसलीस? ती पोर काल रात्री जेवली नाही, माहीत आहे तुला?"

"आता माहीत झालं."

"गठ्ठा तुझ्या अंगावर पडला असता तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?" मामाचा आवाज चढत गेला. "म्हणजे ट्रॅक्टरला काही झालेलं नव्हतं. सगळा तुझाच उपद्व्याप."

"बाबा, ते तसं नाही," प्रोफेसर पुढे आला. त्याने वही छातीशी घट्ट धरली होती. "टिल्लीची चूक टिल्लीची. पण आत्ता चाक हवेत होतं, तेव्हा सीटवर टिल्ली नव्हती."

मामी मामाकडे बघू लागली.

"या गठ्ठ्याचं वजन किती असेल?" प्रोफेसरने विचारलं.

"असेल तीनशे साडेतीनशे. वीस वर्षं गठ्ठे उचलतोय मी."

"पैज?" शेपूट टाकीपासून ओरडला. "तीनशे साडेतीनशे निघालं तर आम्ही सगळी सुट्टी शेण काढू. जास्त निघालं तर तुम्ही लोडरवरची पाटी मोठ्याने वाचायची."

मामी म्हणाली, "होऊन जाऊ दे. काटा काय नुसता गाईंसाठीच आहे?"

गुरं तोलायचा काटा चार पावलांवर, सपाट जमिनीत बसवलेला होता. मामा, मामी आणि ताईने मिळून गठ्ठा सावकाश लोटला. ताई दर दोन हातांवर त्याच्याखाली लाकडी पाचर सरकवत होती. पोरांना तिने लांब उभं केलं. गठ्ठा काट्यावर बसला. आकडे नाचले आणि थांबले.

पाचशे चाळीस.

मामाने डोळे बारीक करून दोनदा बघितलं. "ओला बांधलाय," तो पुटपुटला. "शेवटच्या कापणीचा. पावसात भिजला होता."

प्रोफेसरने चिंधीने पाटी पुन्हा स्वच्छ केली. मामा तिच्यासमोर उभा राहिला. त्याने वाचली, पण मोठ्याने नाही. ओठच हलले. मग त्याने कोठाराच्या कोपऱ्यातल्या ठोकळ्याकडे, त्याच्यावरच्या कोंबड्यांच्या भांड्याकडे बघितलं.

"ट्रॉली जोडायला काढला होता," तो म्हणाला. "दोन दिवसांसाठी. पुन्हा लावायचा राहून गेला. राहूनच गेला." त्याने शेपटाकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. "मी त्या पोराला खाली उभं केलं होतं."

टिल्लीला वाटलं होतं, मोठ्या माणसांना अशी लाज वाटत नसेल. पण मामाची मान तशीच खाली गेली होती, जशी काल ताईची गेली होती. तो ताईपाशी गेला.

"तू दोनदा सांगितलं होतंस, वजन लावू या म्हणून. मी हसण्यावारी नेलं," तो म्हणाला. "आणि काल तर ऐकूनही घेतलं नाही. माझं चुकलं, बाई." आणि खिशातून किल्ली काढून त्याने तिच्या हातावर ठेवली.

ताईने किल्ली मुठीत धरली. "दादा, इंजिन चालू ठेवून मी पण पुन्हा कधी उतरणार नाही," ती म्हणाली. मग तिने टिल्लीकडे बघितलं. टिल्लीला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. तिच्या बुटांकडे बघतच ती म्हणाली, "ताई, मला माफ कर."

"करीन," ताई म्हणाली. "आजच्या आज नाही. पण करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकळा ट्रॅक्टरच्या मागे चढला आणि घासून पुसून सुळा पुढे लागला. ताईने सीटचा पट्टा बांधला. पोरांना मामीने कुंपणाच्या पलीकडे उभं केलं. ताईने एक सुका, हलका गठ्ठा निवडला. तो आधी काट्यावर तोलून घेतला होता, दोनशे नव्वद. ट्रॅक्टर सरळ त्याच्यासमोर आणून तिने सुळा मधोमध पार आतपर्यंत घातला. गठ्ठा जमिनीपासून जेमतेम हातभर उचलला. मग चालण्याच्या वेगाने, उताराला आडवं न जाता, लांबच्या सपाट वाटेने तिने तो गोठ्यापर्यंत नेला. मागची चाकं जमिनीला चिकटून होती.

"काहीच मजा नाही यात," शेपूट म्हणाला.

"मजा नाही तेच बरं," मामा म्हणाला.

ओले, जड गठ्ठे मात्र लोडरने उचलायचेच नाहीत असं ठरलं. ते जागेवरच उलगडायचे आणि टोपलीने गोठ्यात न्यायचे. ते काम टिल्लीने मागून घेतलं. एक टोपली, दुसरी टोपली, विसावी टोपली. गवत मानेत टोचत होतं, हाताला फोड आले. संध्याकाळी ती कालवडीपाशी बसून बाटलीने दूध पाजायची. कालवड तिच्या हाताला जिभेने खरवडायची. तिला बिचारीला काय माहीत, पाय कुणी मोडला ते. टिल्लीला ते सगळ्यात जड जायचं.

चौथ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी प्लास्टर बघितलं, कालवडीला उभं केलं. ती तीन पायांवर डुगडुगली आणि चौथा हळूच टेकवला. "हाड जागेवर आहे, जुळेल," ते म्हणाले. मग मामाने त्यांना काटा, पाटी, ठोकळा, सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "या उतारावर असा ट्रॅक्टर उलटला तर माणूस हाती लागत नाही," ते म्हणाले. "पोरांनो, तुम्ही घर वाचवलंत. शाबास."

प्रोफेसरचा चष्मा आनंदाने घसरला. शेपूट छाती काढून उभा राहिला. टिल्ली टोपली उचलून निघाली.

"कुठे चाललीस?" मामाने तिला अडवलं. "शाबासकी तुलाही आहे. तू हात वर करून उभी राहिली नसतीस तर मी आज इथे नसतो." आणि लगेच त्याने फोन काढला. "थांब, तुझ्या बाबांना सांगतो. हॅलो, भावोजी? अहो, तुमची लेक मोठी धीराची निघाली. परवा काय झालं..."

टिल्लीने टोपली खाली ठेवली आणि हात पुढे केला.

"मामा, फोन द्या. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते आधी मी सांगते."

मामाने तिच्याकडे बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. पलीकडून बाबा कौतुकाने विचारत होते, "काय गं टिल्ली, काय पराक्रम केलास?"

गोठ्याच्या दारात ताई उभी होती. टिल्लीने या वेळी तिच्याकडे सरळ बघितलं आणि बोलायला सुरुवात केली.

"बाबा, एका कालवडीचा पाय मोडलाय. तो माझ्यामुळे मोडलाय."